दशांशचिन्ह घसरलंच नव्हतं

पालकातल्या लोहाबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली घरोघरी ऐकू येते: हिमोग्लोबिन कमी आलंय ना, मग पालक खा, त्यात लोह भरपूर असतं. दुसरी चार पुस्तकं वाचलेल्या मंडळींत चालते: पालकात विशेष लोह नसतंच, एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाने आकडा लिहिताना दशांशचिन्ह एक घर सरकवलं, लोह दहापट झालं आणि त्या चुकीच्या जोरावर पॉपाय पालकाचे डबे रिकामे करू लागला. पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. तिचं खंडन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दुसऱ्या गोष्टीला मात्र आजवर कुणी मूळ पुरावा दाखवलेला नाही.

ती पसरली १९८१ सालापासून. टेरेन्स हॅम्ब्लिन हे इंग्लंडमधले रक्तविकारतज्ज्ञ. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात त्यांनी विज्ञानातल्या लबाड्या आणि थापांवर एक लेख लिहिला. त्यातच पालकाच्या दशांशचिन्हाची हकीकत होती. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ही जुनी चूक पकडली, असं त्यांनी लिहिलं; पण कोणत्या शास्त्रज्ञांनी, कोणत्या शोधनिबंधात, याचा संदर्भ दिला नाही. नामांकित नियतकालिक, जाणकार लेखक आणि ऐकताक्षणी पटणारी गोष्ट. पुढच्या लेखकांनी हॅम्ब्लिन यांचा हवाला दिला, त्यापुढच्यांनी त्या लेखकांचा. १९९५ साली ‘जर्नल ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये चुकीच्या संदर्भांमुळे खोटी माहिती कशी पसरते, यावरच एक लेख आला. त्यातही उदाहरण म्हणून हेच दशांशचिन्ह होतं.

२०१० साली ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ माइक सटन या गोष्टीच्या मुळाशी जायला निघाले. त्यांनी हॅम्ब्लिन यांनाच विचारलं, पण आपण ही गोष्ट कुठे वाचली ते त्यांनाही आठवेना. पुढे शोधता शोधता सटन यांना हॅम्ब्लिनच्याही आधीचा एक धागा सापडला: आहारशास्त्रज्ञ आर्नल्ड बेंडर यांचं ‘द स्पेक्टेटर’ साप्ताहिकातलं १९७७ सालचं पत्र. त्यात एमिल फॉन वुल्फ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८७० च्या सुमाराच्या तक्त्यांकडे बोट दाखवलेलं होतं. पण जिथे चिन्ह घसरलं असा कागद तिथेही हाती लागला नाही. २०१४ साली नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’मध्ये ही सगळी साखळी मांडली. मूळ न वाचता एकमेकांचे हवाले देत गेलं की विद्वानांमध्येही दंतकथा कशी तयार होते, याचा तो पंचनामाच आहे.

पॉपायचंही तसंच. एल्झी सेगर यांचा हा खलाशी १७ जानेवारी १९२९ रोजी ‘थिंबल थिएटर’ या चित्रमालिकेत पहिल्यांदा आला. त्याने पालक लोहासाठी खाल्ला, हे आपण गृहीत धरतो. पण १९३२ मधल्या एका चित्रपट्टीत तो स्वतःच कारण सांगतो: पालकात अ जीवनसत्त्व आहे म्हणून! आणि ते बरोबरही आहे. पालकात बीटा कॅरोटीन भरपूर असतं आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं.

जुने आकडे चढे होते हे मात्र खरं. त्यासाठी दशांशचिन्ह सरकायची गरज नव्हती. त्या काळी वनस्पतीतले क्षार मोजायचे तर पाला वाळवून, जाळून त्याची राख तपासत. पानाला चिकटलेली माती नीट धुतली गेली नाही, तर मातीतलं लोहही मोजणीत येतं. दुसरी गफलत अधिक साधी आहे, आणि ती कढईत रोज दिसते. जुडीभर पालक चिरला की ताट भरतं. तेलावर टाकला की पाच मिनिटांत वाटीभर उरतो. ताज्या पालकात शंभरातले नव्वदहून अधिक भाग पाणी असतं. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असतं. पाणी पूर्ण काढून टाकलं आणि त्या कोरड्या पुडीचे शंभर ग्रॅम मोजले, तर तोच आकडा तीसच्या घरात जातो. वाळलेल्या पाल्याचा आकडा ताज्या भाजीसमोर लिहिला की झालं दहापट. आकडा अचूक असूनही माणूस फसतो, कारण तो कशाचा आहे हे सोबत लिहिलेलं नसतं.

मग पालकात लोह आहे की नाही? आहे. ३ मिलिग्रॅम हा आकडा भाजीपाल्यासाठी कमी नाही. अडचण ते अंगी लागण्याची आहे. भाज्यांतलं लोह मटणातल्या लोहाच्या मानाने आतड्यांत कमी शोषलं जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. हा आकडा इतका मोठा आहे तो शोषण कमी होतं हे धरूनच. वाटीभर भाजीने तो गाठता येत नाही. भाजीवर लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर घटतं.

पालक आणि रक्तक्षय यांचं खरं नातं वेगळ्याच वाटेने जुळलं, आणि ती वाट मुंबईतून जाते. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरीब गरोदर बायकांना, त्यांतही कापड गिरण्यांत काम करणाऱ्यांना, एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं. यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे त्यांनी १९३१ साली जाहीर केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. पुढे तो फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९४१ साली टेक्सास विद्यापीठात हर्शेल मिचेल, एस्मंड स्नेल आणि रॉजर विल्यम्स यांनी फॉलिक आम्ल वेगळं काढलं, ते चार टन पालकाच्या पानांमधून! गरोदरपणी सरकारी आरोग्य केंद्रात जी गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर हेच आम्ल असतं.

ही कथा उगाळायचं कारण आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. अशा राज्यात ‘पालक खा, भरून येईल’ हा सल्ला अपुरा आहे, कारण त्यावर विसंबून तपासणी आणि गोळ्या लांबणीवर पडतात. ‘पालकात काही नसतं’ हेही घातक आहे, कारण त्यामुळे एक स्वस्त, गुणी भाजी ताटातून जाते. हिमोग्लोबिन कमी आलं तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नेमाने घ्याव्यात, सोबत पालकही खावा. आणि कुणी चूक दुरुस्त करून सांगितली, तर त्या दुरुस्तीलाही तोच प्रश्न विचारावा जो मूळ दाव्याला विचारतो: हे मोजलं कुणी, कशात मोजलं, आणि तो कागद कुठे आहे? या प्रश्नाचं उत्तर न मिळालेली दुरुस्ती ही नवी अफवाच असते.