नॅसने डिस्क ‘फेल’ दाखवली? फेकण्याआधी हे तपासा

ऑफिस किंवा फोटो स्टुडिओतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्क स्टोरेजवर, लाल दिवा लागला की हार्ड डिस्क गेलीच असं धरलं जातं. दर वेळी तसं नसतं. डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही, तरी नॅस तिला बाद ठरवतो. साधी डेस्कटॉप डिस्क अडलेला सेक्टर वाचायला बराच वेळ झटत राहते. नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते. सैल जोडणी किंवा कमी पडणारा पॉवर सप्लायही कारण असू शकतो.

आधी बॅकअप घ्या. रेड ५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते. दुसरी गेली की सगळंच गेलं. मग नॅस बंद करून, सिरीयल नंबर जुळवून तीच डिस्क काढा. कॉम्प्युटरला जोडल्यावर विंडोजने फॉरमॅट करू का विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.

आता स्मार्ट अहवाल पाहा. ५, १९७ किंवा १९८ क्रमांकाच्या नोंदीतला आकडा वाढत असेल, तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा स्लॉटचा. दुरुस्तीनंतर हा आकडा शून्यावर येत नाही. वाढ थांबली का, एवढंच पाहायचं.

शेवटी स्मार्टची लांब चाचणी लावा. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. पास झाली, तर डिस्क परत बसवून रीबिल्ड करा. त्याच स्लॉटमध्ये दुसरी चांगली डिस्कही बाद झाली, तर दोष नॅसमध्येच आहे.