दौलतजादा आणि वेतन

पाथर्डी तालुक्यांतील तिसगांवाहून मढीचें अंतर थोडेंच आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथें भरणाऱ्या कानिफनाथांच्या यात्रेंत गोपाळ, डोंबारी, कोल्हाटी, वैदू अशा फिरस्त्या जमातींचा भरणा इतका मोठा असतो कीं, मढीला ‘भटक्यांची पंढरी’ असेंच नांव पडलें आहे. गाऊन, नाचून, कसरत करून पोट भरणाऱ्यांच्या मिळकतीचा विशेष हा कीं, आज पदरांत काय पडेल हें खेळ संपेपर्यंत त्यांस ठाऊक नसतें. तमाशानें याच रीतीला ‘दौलतजादा’ असें भारदस्त नांव दिलें. त्या एका शब्दाच्या आड महाराष्ट्रांतील लोककलावंतांचा सारा प्रपंच दडलेला आहे.

दौलतजादेंत प्रेक्षक पैसा पुढें करतो, त्याचें नांव भर बारींत पुकारलें जातें आणि त्याची दौलत वाढो असें चिंतिलें जातें. म्हणजे पैसा कलावंताकडे जातो, परंतु थोरपणा दात्याकडे राहतो. वेतन हक्कानें मागतां येतें. बक्षिसाची केवळ वाट पाहावी लागते.

पेशवाईंत हा दाता बहुधा दरबारांत बसलेला असे. याच जिल्ह्यांतील संगमनेरचा शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हा त्या काळचा नामांकित कवि. अहिल्याबाई होळकरांनीं बोध केल्यावरून त्यानें तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, आश्रयदात्याच्या एका शब्दासरशीं कलावंताचा धंदा बदलूं शकतो, हें लोकांस स्वाभाविक वाटत होतें एवढें तिच्यावरून दिसतें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि शाहिरांचा तो आश्रयहि तिच्याबरोबर गेला.

पुढें दरबाराची जागा जत्रेनें आणि मुंबईच्या थिएटरांनीं घेतली. रेठरें हरणाक्षच्या कुळकर्णी घराण्यांत १८६६ सालीं जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे पठ्ठे बापूराव म्हणून विख्यात झाले. फडांतील त्यांची सहकारीण पवळा ही संगमनेर तालुक्यांतील हिवरगांवची. या जोडीनें मुंबई गाजविली. पण बापूरावांच्या लावण्या गांवोगांवचे फड गात, त्याबद्दल कवीला कांहीं द्यावें अशी वहिवाट नव्हती. शेवटच्या चरणांतील आपलें नांव एवढाच काय तो त्याचा मालकीहक्क. जातीची व घराची प्रतिष्ठा सोडून ज्यांनीं ही वाट धरली, त्या बापूरावांचा अंत १९४५ सालीं हलाखींत झाला.

विठाबाई नारायणगांवकर यांची कथा याहून निराळी नाहीं. १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. तरी २००२ सालीं त्यांचें निधन झालें तें पैशाची ओढाताण सोशीतच. पुढें राज्य शासनानें त्यांच्या नांवें जीवनगौरव पुरस्कार ठेवला. तो योग्यच होय. परंतु पुरस्कार म्हणजेहि मोठ्या दात्याची दौलतजादाच नव्हे काय?

कित्येक रसिक म्हणतात कीं, बांधलेला पगार मिळूं लागला म्हणजे कला सुस्तावते. हा युक्तिवाद करणारा स्वतः बहुधा महिन्याच्या पगारावर निश्चिंत असतो! अनिश्चिततेनें कला तेजस्वी होते असें क्षणभर मानलें, तरी त्या तेजाची किंमत कोण देतो हें पाहिलें पाहिजे. फडमालक हंगामापूर्वीं कलावंतांस ‘उचल’ देतो, तिच्यासाठीं स्वतः कर्ज काढतो, आणि गांवकऱ्यांची सुपारी व तिकिटांचा गल्ला यांवर तें फेडण्याची आशा धरतो. एक वळवाचा पाऊस ती आशा धुऊन नेतो. २०२० च्या चैत्रांत साथीमुळें जत्राच बंद पडल्या, तेव्हां ऐन हंगामांत फडांचें उत्पन्न थांबलें. उचलीचा आंकडा मात्र वहींत तसाच राहिला.

दरबार गेला, थिएटरें आलीं, पुरस्कार आले. दात्याचें रूप पालटलें. न पालटलें तें एवढेंच कीं, तोट्याचा भार नाचणाऱ्याच्या व गाणाऱ्याच्या शिरावरच राहिला. आपण औदार्याचा अभिमान पुष्कळ दिवस बाळगला. गुणी माणसाला टाळी देणें हा रसिकपणा आहे. त्याच्या उद्यांच्या भाकरीची तरतूद करणें हा न्याय आहे. पहिल्यानें दुसऱ्याची फेड होत नाहीं.