बिब्बा उततो म्हणजे काय?

'कामात बिब्बा घालणे' असं आपण सहज म्हणून जातो. बिब्बा खरोखर उतलेलं अंग ज्याने पाहिलं आहे, त्याला ते इतकं सहज वाटत नाही. आमच्या गडहिंग्लज भागात काटा मोडला की तळपायाला बिब्ब्याचा चटका देत. लिंबू-मिरचीबरोबर तो दारावर टांगत. परीट त्याच्याच रसाने कपड्यांवर खुणा करीत. त्यातली गोडंबी थंडीत लाडवांत पडते. इतक्या ओळखीचं हे फळ एकाला उतावं आणि त्याच घरातल्या दुसऱ्याला उतू नये, हे कसं, या प्रश्नाने मला जुन्या वैद्यकाच्या वाटेला नेलं.

चरकसंहितेने भल्लातकाला अग्नीसारखा तीक्ष्ण म्हटलं, आणि विधीने वापरला तर अमृतासमान. पण माणसामाणसांतल्या फरकाचं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1905 साली व्हिएन्नाच्या पिर्केट आणि शिक यांनी घोड्याच्या रक्तद्रवाची लस टोचल्यावर मुलांना येणारा ताप, पुरळ आणि सांधेदुखी यांचा अभ्यास मांडला. नुकसान लस करत नाही, तिला शरीर देत असलेलं उत्तर करतं, हा त्यातला नवा विचार. 1906 मध्ये पिर्केटने 'अॅलर्जी' हा शब्द घडवला. 1942 मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगांवर दाखवलं, की त्वचेची ही अतिसंवेदनशीलता एका प्राण्यातून दुसऱ्यात रक्तद्रवाने जात नाही, पेशींनी जाते. 1963 मध्ये जेल आणि कूम्ब्स यांनी या साऱ्याचे चार प्रकार पाडले. पहिला गांधीलमाशीच्या दंशासारखा, मिनिटांत उसळणारा. दुसऱ्यात प्रतिपिंडं थेट पेशींवर बसतात. चुकीच्या गटाचं रक्त चढलं की हेच होतं. तिसऱ्यात प्रतिपिंडांचे पुंजके रक्तवाहिन्यांत, सांध्यांत साचतात. लशीचा तो ताप यातला. चौथ्यात प्रतिपिंडं नसतात. टी-पेशी हल्ला करतात, आणि तोही एक-दोन दिवस उशिरा.

बिब्बा या चौथ्या घरात बसतो. त्याचं तेल मुळात दाहक आहेच. पण त्यातली द्रव्यं त्वचेच्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीर आपल्याच कातडीला परकी समजू लागतं. पहिल्या स्पर्शाला पुष्कळदा काहीच होत नाही. त्या वेळी फक्त ओळख पटते. पुढच्या खेपेला फोड येतात.

ही ओळख किती लांबची असू शकते, हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमकं कपड्यांवरच्या परिटाच्या खुणेखाली, पुरळ उठू लागलं. 1943 साली लष्करी डॉक्टरांनी ते नोंदवलं. यांतल्या अनेकांनी बिब्बा कधी पाहिलाही नसेल. पण मायदेशी पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीने त्यांच्या शरीराला आधीच शिकवून ठेवलं होतं. ही वेल, बिब्बा, आंबा आणि काजू एकाच कुळातले.

काजू म्हटला की विषय थेट आमच्या दारात येतो. आजरा-चंदगडच्या काजू कारखान्यांत टरफलं फोडणाऱ्या बायकांच्या बोटांना लागतं ते तेल बिब्ब्याच्या तेलाचं सख्खं भावंड. 'अंगात उष्णता आहे' म्हणून थंड पदार्थ खायला सांगून हा त्रास जात नाही. शरीर एकदा शिकलं, की ते सहसा विसरत नाही. म्हणून हातमोजे द्यायचे ते फोड आल्यावर नव्हे, कामाच्या पहिल्या दिवशी. 'हिला उततं, तिला नाही' हे त्या बायकांनी विज्ञानाच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. त्यावरून कुणाला नाजूक ठरवून कामावरून काढणं मात्र या शास्त्रात कुठेच बसत नाही.