स्वॉन, पीटर
(८ ऑक्टोबर १९३६–२० जानेवारी २०२१). विख्यात इंग्रज फुटबॉलपटू. जन्म यॉर्कशरमधील साउथ एल्मसॉल येथे. शेफील्ड वेन्झडे संघाच्या बचावफळीचा तो आधारस्तंभ होता. १९६०–६२ या काळात तो इंग्लंडतर्फे १९ सामने खेळला.

१ डिसेंबर १९६२ रोजी इप्सविच टाउनविरुद्ध आपलाच संघ हरेल, अशी पैज त्याने व डेव्हिड लेन, टोनी के या सहखेळाडूंनी प्रत्येकी ५० पौंडांची लावली. संघ २–० असा हरला. या कटाचा सूत्रधार जिमी गॉल्ड याने १९६४ मध्ये आपली हकीकत एका वृत्तपत्रास विकल्याने प्रकरण उघडकीस आले. गॉल्डने गुप्तपणे ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे खटल्यात पुरावा ठरली. जानेवारी १९६५ मध्ये नॉटिंगॅमच्या न्यायालयाने गॉल्डला चार वर्षांची व या तिघांना चार महिन्यांची कैद सुनावली. फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. कैद अल्पकालीन होती. परंतु स्वॉनची उमेदीची वर्षे बंदीत गेली. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वकरंडक जिंकला, तेव्हा तो खेळाबाहेर होता.

१९७२ मध्ये बंदी उठली, तोवर त्याची पस्तिशी उलटत आली होती. तो वेन्झडेकडून व नंतर बरी संघाकडून थोडा काळ खेळला. त्याच्या व्यवस्थापनाखाली मॅटलॉक टाउन संघाने १९७५ मध्ये एफ. ए. ट्रॉफी जिंकली.