गाडी हांकणारा कोण?

मोटार चालविण्यास आपल्या भाषेंत ‘हांकणें’ म्हणण्याचा प्रघात बैलगाडीच्या व टांग्याच्या दिवसांपासून चालत आला आहे. हांकणें म्हटलें कीं हांकणारा आला, आणि त्याच्या हातांत कांहीं तरी असलेंच पाहिजे : कासरा, लगाम किंवा गिअरचा दांडा. हा दांडा यंत्रानें आपल्या ताब्यांत घेतला, तर धनी गाडीला हांकतो कीं गाडी धन्याला नेते? बाजारास किंवा कचेरीस जाणाऱ्या वाहनाविषयीं हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाहीं. तेथें सोय हीच मुख्य. परंतु केवळ हांकण्याच्या आनंदासाठीं घेतलेल्या स्पोर्ट्‌स मोटारीविषयीं तो गेलीं सत्तर वर्षें पुनःपुन्हां उपस्थित होत आला आहे, आणि त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

मुळांत गिअर कशासाठीं, हें प्रथम पाहूं. पेट्रोलवर चालणारें एंजिन कांहीं एका वेगानें फिरूं लागल्यावांचून त्याच्या अंगांत बळ येत नाहीं. म्हणून तें व चाकें यांच्यामध्यें लहानमोठ्या दंतचक्रांची पेटी घालावी लागते. १८९० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील एमिल लव्हासोर यानें सरकत्या दंतचक्रांची अशी पेटी प्रचारांत आणली. फिरतीं चक्रें एकमेकांवर आदळून कर्कश आवाज होई. ‘पद्धत रानटी खरी, पण चालते’, अशा अर्थाचे उद्गार लव्हासोरच्या नांवावर सांगितले जातात. चक्रें न खरडतां गिअर बदलावयाचा तर दोनदां क्लच दाबून एंजिनाचा वेग कानानें जुळवावा लागे. ही एक कलाच होती, आणि ती ज्याला साधली तो तिचा अभिमान बाळगी.

ही कला अनावश्यक करण्याचें काम अमेरिकेंत झालें. अर्ल थॉम्प्सन या एंजिनियरानें सिद्ध केलेली सिंक्रोमेश योजना १९२८ सालीं कॅडिलॅक गाड्यांत आली. चक्रांचे वेग आपोआप जुळूं लागले व खरखर थांबली. पुढें याच थॉम्प्सनच्या नेतृत्वाखालीं हायड्रामॅटिक ही पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी तयार झाली आणि १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांबरोबर ती बाजारांत आली. तींत क्लचचें पेडलच नव्हतें. त्याच्या जागीं तेलानें भरलेल्या कोशांत दोन पंखे समोरासमोर बसविलेले असत. एंजिन एक पंखा फिरवी आणि तेलाच्या ओघानें दुसरा फिरूं लागे. ही कल्पना मूळची जर्मन एंजिनियर हर्मान फोटिंगर याची; त्यानें ती विसाव्या शतकाच्या आरंभीं जहाजांसाठीं काढली होती.

आतां आपल्या मुख्य कथेकडे वळूं. जानेवारी १९५३ मध्यें न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांत शेव्हरोलेची ‘कॉर्व्हेट’ लोकांपुढें आली. त्या वर्षीं अशा ३०० गाड्या बनल्या. सर्व पांढऱ्या आणि आंतून तांबड्या. रूप स्पोर्ट्‌स मोटारीचें, पण गिअरपेटी मात्र दोनच गिअरांची, स्वयंचलित पॉवरग्लाइड. दुसरी मागावयाची म्हटली तरी मिळत नसे. इंग्लंडहून आलेल्या लहान, चपळ गाड्या हांकणाऱ्या रसिकांस हा विनोदच वाटला. १९५४ सालीं बनलेल्या गाड्यांपैकीं पुष्कळ विक्रीवांचून पडून राहिल्या. हाताच्या गिअराचा अभाव हें त्याचें एकच कारण नव्हे. तथापि तें एक कारण होतें यांत शंका नाहीं. १९५५ सालीं मोठें व्ही-८ एंजिन आलें, त्यामागोमाग हाताचा गिअर आला, आणि झोरा आर्कुस-डंटोव्ह या एंजिनियराच्या परिश्रमानें कॉर्व्हेट खरी स्पोर्ट्‌स मोटार झाली. १९५७ सालीं तीस चार गिअरांची पेटीहि मिळूं लागली.

त्या काळीं हाताच्या गिअराचे कैवारी जो युक्तिवाद करीत, तो वेगाचा होता. स्वयंचलित पेटींत तेलाच्या घसरणीनें शक्ति वायां जाते, गिअर थोडे, आणि बदल केव्हां करावा हें ती वळण न पाहतांच ठरविते. सबब ती मंद. हें सर्व त्या वेळीं खरेंच होतें. परंतु सोयीचें सत्य आपलें खरें कारण झांकून ठेवतें, हा अनुभव मनुष्यास नवा नाहीं.

या युक्तिवादास पहिला मोठा धक्का टेक्सासमधून बसला. जिम हॉल व हॅप शार्प यांनीं शॅपरल नांवाच्या आपल्या शर्यतीच्या गाडींत क्लचऐवजीं तेलाचा दुवा घातला. १९६५ सालीं सेब्रिंग येथील बारा तासांची शर्यत मुसळधार पावसांतून हीच गाडी जिंकली, आणि पुढील वर्षीं जर्मनींत न्यूर्बुर्गरिंगवरील हजार किलोमीटरांची शर्यतहि शॅपरलनेंच जिंकली. डावा पाय मोकळा झाला, त्याचाहि हॉलनें उपयोग करून घेतला : १९६६ च्या एका गाडींत तो पाय मागील उंच पंखाचा कोन बदलीत असे. यंत्रानें एक काम काढून घेतलें, तर कल्पक मनुष्यानें पायाला दुसरें दिलें!

दुसरा धक्का निर्णायक ठरला. १९८९ सालीं जॉन बर्नार्डनें रचलेल्या फेरारींत सुकाणूच्या मागें दोन पट्ट्या बसविल्या होत्या. बोटानें ओढतांच गिअर बदले. सरावांत वारंवार बिघडलेली ही गाडी नायजेल मॅन्सेलनें ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतींत विजयी केली. पोर्शेनें त्याच दशकांत शर्यतीच्या गाड्यांवर दोन क्लचांची पेटी कसोटीस लावली होती. तींत एक क्लच विषम गिअरांचा व दुसरा सम गिअरांचा. एक गिअर काम करीत असतांनाच पुढचा सज्ज असतो, आणि पापणी लवण्याच्या आंत बदल होतो. मनुष्याचा हात, तो कितीहि तरबेज असला तरी, याची बरोबरी करूं शकत नाहीं.

वेगाचा युक्तिवाद असा शत्रूच्या हातीं गेल्यावर हाताचा गिअर निमूटपणें नाहींसा व्हावयास हवा होता. तसें झालें नाहीं. २०१३ सालीं पोर्शेनें आपली ९११ जीटी-३ ही गाडी फक्त दोन क्लचांच्या पेटीसह काढली. ती अधिक वेगवान होती, हें कोणी नाकारीत नव्हतें. तरी रसिकांनीं तक्रार केली. २०१६ सालीं ९११ आर ही मर्यादित संख्येची गाडी केवळ हाताच्या गिअरासह निघाली, आणि २०१७ मध्यें जीटी-३ लाहि तो पुन्हां मिळूं लागला. मंद वस्तु जाणूनबुजून मागणारा ग्राहक व्यापाराच्या इतिहासांत विरळाच!

या मागणीनेंच खरें कारण उघड केलें. वेग हा दांड्याचा केवळ बचाव होता. त्याची थोरवी सहभागांत होती. वळण जवळ येतांना डावा पाय, उजवा हात व कान यांनीं एकमतानें केलेली ती कृति चुकली तर गाडी लगेच सांगते, आणि साधली तर त्याचें श्रेय हांकणाऱ्याचें असतें. पेटी-सतार हाताशीं असतां कोणी तारांची सतार घेऊन रियाझ करीत बसतो, तो कांहीं सूर लवकर निघावा म्हणून नव्हे.

कॉर्व्हेटची कथा मात्र मंडल पुरें करून मूळ स्थानीं आली. २०२० सालच्या आवृत्तींत एंजिन चालकाच्या मागें गेलें आणि गिअरपेटी दोन क्लचांचीच राहिली. हाताचा गिअर मागूनहि मिळेना. १९५३ सालीं जी गोष्ट उणीव मानली गेली, तीच आतां प्रगति ठरली, आणि दोन्ही वेळां निवड मात्र ग्राहकाची नव्हती.

म्हणून स्वयंचलित पेटी घेणारा हांकण्यास पारखा झाला, असें म्हणणें अन्यायाचें होय. शॅपरलचे विजय त्याच्या बाजूस आहेत. ज्याचा पाय दुखावलेला आहे किंवा ज्यास गर्दीच्या शहरांतून रोज जावयाचें आहे, त्याच्या निवडीस हंसणें तर क्षुद्रपणाचें. उलट हाताचा गिअर घेणाऱ्यानेंहि वेगाची सबब सांगूं नये. ‘मला हें काम स्वतः करावयास आवडतें’, एवढें म्हणणें पुरेसें व प्रामाणिक आहे. चिंता करावयाची ती एवढीच कीं, कोणतेंहि कौशल्य निरुपयोगी झाल्याबरोबर नाहींसें करण्याची घाई आपण करूं नये. गरज संपल्यावर जें लोक आवडीनें जतन करतात, त्यांतच त्यांची खरी अभिरुचि दिसून येते.