वॉशिंग्टन सरोवर : जलनिरीक्षणाच्या दीर्घ परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सरोवराच्या पाण्याची प्रत एखाद्या दिवशी घेतलेल्या नमुन्यावरून ठरविता येत नाही. पाण्याचे तापमान, त्यात विरघळलेला प्राणवायू, शैवालांची वाढ आणि माशांचा वावर या सर्व बाबी ऋतुमानानुसार बदलत असतात. आढळलेला फरक हा केवळ ऋतूचा परिणाम आहे की सरोवराच्या प्रकृतीतच बदल घडतो आहे, हे सांगण्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. जगातील ज्या मोजक्या सरोवरांविषयी अशा नोंदी उपलब्ध आहेत, त्यांत अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरालगतचे वॉशिंग्टन सरोवर अग्रस्थानी आहे. शैक्षणिक हेतूने घेतलेल्या नोंदी एका मोठ्या सार्वजनिक निर्णयाचा आधार कशा बनल्या आणि पुढे त्यांतून कोणते नवे ज्ञान मिळाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सरोवराची पार्श्वभूमी

वॉशिंग्टन सरोवर गोड्या पाण्याचे असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८८ चौरस किलोमीटर आणि कमाल खोली सुमारे ६५ मीटर आहे. १९१६ साली जहाजांच्या कालव्यासाठी त्याची पातळी सुमारे पावणेतीन मीटरने खाली आणली गेली. सीडर नदीचा प्रवाह सरोवरात वळविण्यात आला आणि सरोवराचे पाणी वाहून नेणारी ब्लॅक नदी कोरडी पडली. याचा अर्थ असा की, शास्त्रीय निरीक्षणे सुरू होण्यापूर्वीच हे सरोवर मानवी हस्तक्षेपाने बदललेले होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिएटलचे सांडपाणी प्रक्रियेविना या सरोवरात जात असे. १९३६ पर्यंत ते पुजेट साऊंड या समुद्राच्या खाडीकडे वळविण्यात आले. मात्र १९४१ नंतर सरोवराभोवतीची उपनगरे झपाट्याने वाढली आणि प्रत्येक वस्तीने आपापले शुद्धीकरण केंद्र उभारले. अशी दहा-अकरा केंद्रे प्रक्रिया केलेले पाणी सरोवरात सोडू लागली. या पाण्याचे प्रमाण पुढे दररोज सुमारे साडेसात कोटी लिटरपर्यंत पोहोचले. आरोग्याच्या दृष्टीने हे पाणी बरेच सुरक्षित मानले जात होते. परंतु तत्कालीन प्रक्रियेने त्यातील स्फुरद फारसा निघत नसे. शेतातील पिकाला जसे खत, तसा शैवालांना स्फुरद. परिणामी ‘शुद्ध’ केलेल्या सांडपाण्याने सरोवराला अखंड खतपुरवठा होऊ लागला. पोषकद्रव्यांच्या अशा अतिरिक्त भरण्याला जलशास्त्रात सुपोषण म्हणतात.

आधाररेषेची निर्मिती

या सरोवराचा पहिला पद्धतशीर अभ्यास व्हिक्टर शेफर व रेक्स रॉबिन्सन यांनी १९३३ साली केला व तो १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील गॅब्रिएल कोमिटा व जॉर्ज अँडरसन या संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या संशोधनासाठी प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म सजीवांचा, वर्षभर अभ्यास केला. सरोवरावर संकट आहे आणि त्याची चौकशी करावी, असा यांपैकी कोणाचाही हेतू नव्हता. तरीही १९३३ आणि १९५० च्या आकड्यांची तुलना करता स्फुरदाचे प्रमाण वाढल्याचे आणि उन्हाळ्यात तळाकडील पाण्यातील प्राणवायू अधिक वेगाने घटत असल्याचे स्पष्ट झाले. पूर्वीचे आकडे नसते, तर नंतरच्या आकड्यांना अर्थ लाभला नसता.

१९५५ साली अँडरसन यांना सरोवरात ‘ऑसिलेटोरिया रुबेसेन्स’ हे नीलहरित शैवाल आढळले. विद्यापीठात १९४९ पासून अध्यापन करणारे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी या घटनेचे महत्त्व तत्काळ ओळखले. स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवराचा ऱ्हास सुरू झाला, तेव्हा हेच शैवाल तेथे माजले होते. सांडपाण्यामुळे बिघडलेल्या अनेक सरोवरांची हकिगत आर्थर हॅसलर यांनी १९४७ मध्ये एकत्र मांडली होती. त्यामुळे वॉशिंग्टन सरोवर कोणत्या वाटेने जात आहे, याचा अंदाज बांधता आला. एडमंडसन, अँडरसन व पीटरसन यांचा शोधनिबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाकीत आणि मतदान

सिएटल परिसराच्या सामाईक प्रश्नांसाठी एक प्रादेशिक संस्था असावी, असा प्रयत्न जेम्स एलिस हे वकील याच सुमारास करीत होते. १९५७ साली एडमंडसन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला व सरोवराच्या भवितव्याविषयी शास्त्रीय माहिती पुरविली. सांडपाणी येत राहिल्यास शैवाल वाढेल, पाणी गढूळ होईल व दुर्गंधी सुटेल. सांडपाणी वळविल्यास सरोवर थोड्या वर्षांत सुधारेल. असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. त्यामागे कारणमीमांसा होती. सरोवरातील पाणी साधारणतः दोन ते तीन वर्षांत बदलले जाते. शिवाय खोल पाण्यात प्राणवायू अद्याप शिल्लक असल्याने तळाच्या गाळातून स्फुरद मोठ्या प्रमाणावर परत येण्याची शक्यता कमी होती.

हे भाकीत नागरिकांपुढे आले तेव्हा सरोवराची अवस्था अद्याप असह्य झालेली नव्हती. भावी हानी टाळण्यासाठी आज खर्च करावा, हे मतदारांना पटविणे सोपे नव्हते. १९५७ च्या कायद्यानुसार ‘मेट्रो’ या संस्थेचा प्रस्ताव मार्च १९५८ मध्ये मतदानास आला. सिएटलमध्ये त्यास बहुमत मिळाले, परंतु उपनगरांनी तो नाकारला. त्यानंतर वाहतूक व नियोजन हे विषय वगळून केवळ सांडपाण्यापुरता प्रस्ताव ठेवण्यात आला आणि सप्टेंबर १९५८ मध्ये तो संमत झाला.

१९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने सांडपाणी सरोवराबाहेर वळविण्यात आले. त्यासाठी सुमारे १४ कोटी डॉलर खर्च झाला. दरम्यान भाकिताचा पहिला भाग खरा ठरला होता. दुर्गंधीमुळे वृत्तपत्रांतून सरोवराचा ‘लेक स्टिंको’, म्हणजे ‘दुर्गंधी सरोवर’, असा उपहास होऊ लागला होता.

निरीक्षणांची फलश्रुती

पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन अत्यंत साधे आहे. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडावयाची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते नोंदवावयाचे. १९६३-६४ च्या उन्हाळ्यात ही खोली सरासरी एक मीटरच्या आसपास होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ती तीन मीटरजवळ आली.

एडमंडसन यांनी १९७० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दिलेली आकडेवारी त्याहून महत्त्वाची ठरली. १९६९ पर्यंत हिवाळ्यातील फॉस्फेटचे प्रमाण १९६३ च्या २८ टक्क्यांवर आले होते. नायट्रेट मात्र ८० टक्के शिल्लक होते आणि कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाणही तुलनेने जास्तच होते. उन्हाळ्यातील शैवालांच्या हरितद्रव्याचा निकट संबंध केवळ फॉस्फेटशी आढळला. धुण्याच्या डिटर्जंटमधील फॉस्फेट सरोवरांना घातक आहे की नाही, हा वाद त्या काळी अमेरिकेत तीव्र होता. शैवालवाढीचे खरे कारण कर्ब आहे, असे प्रतिपादन डिटर्जंट उद्योगाच्या बाजूने केले जात असे. वॉशिंग्टन सरोवराच्या नोंदींनी या प्रतिपादनाला मोजमापाच्या आधारे उत्तर दिले.

प्लवक, वनस्पती आणि मासे

उद्दिष्ट साध्य झाले म्हणून निरीक्षणे थांबविली गेली असती, तर पुढील घटनांचा उलगडा झाला नसता. १९७६ मध्ये पारदर्शकता अनपेक्षितपणे दुपटीहून अधिक वाढली. शैवालांवर जगणारा ‘डॅफ्निया’ हा सूक्ष्म कवचधारी प्राणी सरोवरात विपुल झाला होता. त्याच्या अन्नग्रहणात अडथळा आणणारे तंतुमय ऑसिलेटोरिया घटले होते. तसेच डॅफ्नियाला खाणारा ‘नियोमायसिस’ हा झिंग्यासारखा जीव १९६० च्या दशकातच कमी झाला होता. त्याचा संबंध लाँगफिन स्मेल्ट या माशाच्या वाढीशी जोडण्यात आला. पाण्याचा स्वच्छपणा अशा रीतीने माशांपर्यंतच्या अन्नसाखळीवर अवलंबून असल्याचे दिसून आले.

पारदर्शकतेचे सर्वच परिणाम इष्ट नव्हते. सूर्यप्रकाश जितका खोल पोहोचतो, तितक्या खोलीपर्यंत तळाशी मुळे धरणाऱ्या पाणवनस्पती वाढू शकतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘युरेशियन वॉटरमिलफॉइल’ ही परकीय पाणवनस्पती सरोवरात आढळू लागली व किनाऱ्यालगत तिची दाट वाढ उपद्रवकारक ठरली. सांडपाणी वळविल्याने शैवालांचा प्रश्न सुटला, तरी बाहेरून आलेल्या वनस्पतीवर तो उपाय नव्हता.

स्टिकलबॅक या लहान माशाविषयीचे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण अंगावर हाडांचे कवच असलेल्या माशांचे प्रमाण १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे ६ टक्के होते. २००५ मध्ये ते ४९ टक्के आढळले. स्वच्छ पाण्यात ट्राउट माशांना हे भक्ष्य सहज दिसू लागल्याने कवचधारी माशांना लाभ झाला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. जुन्या काळी जतन केलेल्या माशांच्या नमुन्यांमुळेच ही तुलना शक्य झाली.

सॉकाय सॅमनची कथा निराळी आहे. १९३० च्या दशकात येथे सोडलेल्या या माशाच्या परतीची संख्या २००६ नंतरच्या वर्षांत घटत गेली. तसेच मोनिका विंडर व डॅनिएल शिंडलर यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, १९६२ पासून वसंतातील शैवालबहर सुमारे १९ दिवसांनी अलीकडे आला आहे, परंतु डॅफ्नियाचे चक्र त्याच प्रमाणात सरकलेले नाही. सांडपाण्यासाठी ठेवलेल्या नोंदी येथे हवामानबदलाच्या साक्षीदार ठरल्या.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, आधाररेषा संकटापूर्वीच आखलेली असावी लागते. संकट आल्यावर ती मागे जाऊन आखता येत नाही. दुसरी, शास्त्रीय भाकीत निर्णयापूर्वी जाहीरपणे मांडले गेल्यामुळेच त्याची पुढे परीक्षा होऊ शकली. तिसरी, पाणी, वनस्पती व मासे यांचे निरीक्षण एकत्रितपणे करणे आवश्यक आहे, कारण एका घटकातील सुधारणा दुसऱ्या घटकात नवा प्रश्न निर्माण करू शकते.

एडमंडसन यांचे २००० साली निधन झाले. ‘मेट्रो’चे काम १९९४ मध्ये किंग काउंटी प्रशासनाकडे गेले. व्यक्ती आणि संस्था बदलल्या, तरी नोंदी पुढे चालू राहिल्या, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय. तबकडी, थर्मामीटर, प्लवकांची जाळी आणि व्यवस्थित ठेवलेली नोंदवही एवढी साधने कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. विद्यार्थ्याने पदवीसाठी केलेले वर्षभराचे काम जपून ठेवले गेल्यास पुढील पिढीच्या हाती तो पुरावा ठरतो. वॉशिंग्टन सरोवराच्या बाबतीत १९३३ व १९५० च्या नोंदींचे नेमके हेच झाले.