सूतभर नाही, पाच मायक्रॉन : ग्राइंडिंग ऑपरेटरची गोष्ट

आमचं चौसाळा बीड आणि धाराशिवच्या मधे, सोलापूर-धुळे हायवेवर. बीडची माणसं पोटासाठी बाहेर पडतात म्हटलं की सगळ्यांना ऊसतोडीचा कोयता आठवतो. बरोबरच आहे. पण याच रस्त्याने गेवराई ओलांडून वाळूजला जाणारा अजून एक गडी आहे, ग्राइंडिंग मशीनचा ऑपरेटर. आजचा एपिसोड त्याच्यावर.

आधी काम समजून घेऊ. सुतार म्हणतो, ‘सूतभर काढ.’ एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३,१७५ मायक्रॉन. ग्राइंडिंगवाल्याला कित्येकदा पाच मायक्रॉनच्या आत साइज धरावी लागते. जॉब लेथवरून येतो, हीट ट्रीटमेंटमध्ये कडक होतो, आणि शेवटचा हात ग्राइंडिंगचा. इथं चुकलं की मागच्या सगळ्यांची मेहनत भंगारात. म्हणून बोलणी खायला पहिला नंबर याचाच.

हे सगळं जमायला लागलं दोन शोधांमुळे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा बनवायला गेला आणि हाती लागलं सिलिकॉन कार्बाइड. धार लावायच्या दगडाला माणसाने बनवलेला पर्याय मिळाला. मग चार्ल्स नॉर्टनने १९०० च्या सुमारास जड, रुंद चाकाचं मशीन आणलं. क्रँकशाफ्टच्या एका जर्नलला आधी पाच तास लागायचे, ते काम पंधरा मिनिटांवर आलं. स्वस्त मोटारगाडीचं श्रेय आपण असेंब्ली लाइनला देतो, पण माझ्या मते अर्धं तरी या चाकाला द्यायला हवं.

आपल्याकडे १९४१ मध्ये, युद्धाच्या दिवसांत, उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेलने ग्राइंडिंग व्हील बनवायला घेतली. १९४३ मध्ये हैदराबादेत प्रागा टूल्स सुरू झाली. तेव्हा आपलं बीडही निजामाच्याच राज्यात होतं, पण इथल्या पोराला त्या कारखान्याचं काय? १९६२ मध्ये एमआयडीसी आली. मराठवाड्यासाठी खरा फरक पडला तो १९८५ मध्ये, वाळूजला बजाजचा प्लांट आला तेव्हा. त्याच्या भोवती सुटे भाग बनवणारी छोटी-मोठी शेड उभी राहिली, आणि आयटीआयच्या ‘मशिनिस्ट ग्राइंडर’ ट्रेडला किंमत आली.

आता खरी कारागिरी. चाकाचा काठ सेकंदाला साधारण ३५ मीटर पळतो, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. तडा गेलेलं चाक त्या वेगात फुटलं तर बंदुकीच्या गोळीसारखे तुकडे उडतात. म्हणून चाक चढवायच्या आधी ते टांगून हलकेच ठोकून बघतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला. आपल्या बायका बाजारात माठ वाजवून घेतात ना, अगदी तसंच.

दुसरी गंमत उष्णतेची. पन्नास मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट दहा अंशांनी तापला की जवळपास सहा मायक्रॉन फुगतो. म्हणजे गरम असताना माप बरोबर आलं, तर थंड झाल्यावर जॉब कमी भरणार आणि गेला! नवा पोरगा घाईत मायक्रोमीटर लावतो, जुना माणूस कूलंट चालू ठेवून थांबतो. ठिणग्या कमी होत होत विझल्या, की चाकाचा दाब सुटला हे तो डोळ्यांनी ओळखतो. आवाज बदलला की चाक ‘गुळगुळीत’ झालंय, हिऱ्याने ड्रेसिंग मारायला हवं, हे कानाने. मी कोड लिहितो. चुकलं तर मागचं व्हर्जन परत आणतो. घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

हे कान-डोळे हळूहळू मशीनमध्ये गेले. मारिओ पोसाती या इटालियन माणसाने १९५२ मध्ये मार्पोस काढली. तिचं गेज घासता घासताच माप घेतं आणि साइज आली की चाक मागे घ्यायला सांगतं. सीएनसी आल्यावर एकाच माणसाकडे दोन-तीन मशीन आली. जॉब चढवा, बटण दाबा, उतरवा. मग मालक विचारतो, याला कुशल कामगाराचा पगार का द्यायचा? कंत्राटावरचा पोरगा चालेल की.

चाक कधी बदलायचं आणि जॉब जळतोय का, हे मात्र अजूनही बऱ्याच शेडमध्ये त्या जुन्या माणसालाच बोलावून विचारतात.